वाचवणारी खूण

वामनभाऊ, मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी यवतमाळच्या रुग्णालयात तुम्ही आम्हाला सोडून गेलात. साडेसातला तुमच्या पत्नीचा, कुसुमकाकूंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. "मॅडम, बातमी देजा. अन् त्यात शेजारीण लिहाले भुलू नका," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी पान तीनवर दोन कॉलमी बातमी आली. ती मीच केली. वय, गाव, अंत्यसंस्काराची वेळ, मागे कोण, सगळं तपासून घेतलं होतं. बोरी अरबचे साऊंड सिस्टीमवाले आणि आमच्या शुक्रवारच्या पुरवणीत ‘आयकलं का वं?’ हे सदर ‘शेजारीण’ या नावानं वर्षानुवर्षं लिहिणारे, असं तुमचं वर्णन त्यात आहे. बातमीत चूक नाही. जे त्या दोन कॉलमांत बसलं नाही, ते इथं लिहिते आहे.

मंगळवारी दुपारपर्यंत मला एकोणीस फोन आले. ऑर्केस्ट्रातले गायक, वऱ्हाडी व्हिडिओ करणारी मंडळी, दोन निवेदक, एक ढोलकीवाला. बहुतेकांनी आधी हळहळ व्यक्त केली आणि मग एकच गोष्ट विचारली: आता आमचं कोण लिहिणार? ढोलकीवाला म्हणाला, "भाऊनं माह्याबद्दल तीनदा लिहिलं. दोनदा खरं होतं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"थेबी खरं होतं मॅडम, पन घरात तसं म्हनता येत नाई."

एक फोन आला नाही. पुसदजवळच्या बंजारा तांड्यातल्या गायिका ललिताचा. तो येणार नाही हे मला माहीत होतं. का येणार नाही, हे तिच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं, आणि तुम्हालाही.

तुम्ही पहिल्यांदा कार्यालयात आलात तेव्हा तुमच्या खांद्यावर वायरींचं वेटोळं होतं. दारव्ह्याचा कार्यक्रम आटोपून थेट आला होता. मी पुरवणीचं पान वाचत होते. तुम्ही माझ्या टेबलावरचं पान उलटं बघूनच म्हणालात, "मॅडम, मुंबईची हिरोईन सकायी काय खाते थे तुम्ही छापता. आपल्या इकडची गानारी काय खाते थे कोन सांगन?"

मी विचारलं, ते कोण वाचेल?

"सारेच वाचतीन. मुंबईवाली खरं खाते का खोटं, पाहाले कोन जाते? आपलीवाली तं बाजारात दिसते."

वहीच्या कागदावर लिहिलेले चार मजकूर तुम्ही पुढे केलेत. चारही चांगले होते. पुढच्या शुक्रवारी दोन छापले. तिसऱ्या आठवड्यात वितरण विभागातून विचारणा झाली, हे सदर आहे कोणाचं?

टोपणनाव तुम्हीच ठरवलं होतं. त्यामागचा हिशेब साधा होता. गायक स्टेजवर असतो, लोक खुर्च्यांत असतात, आणि मंडपाच्या मधोमध साऊंडच्या मशीनमागं बसलेला माणूस कोणालाच दिसत नाही. त्याच्यासमोर लोक भांडतात, रुसतात, फोनवर बोलतात. "लिहिनारी बाई हाये असं वाटलं पायजे," तुम्ही म्हणालात, "मंग माह्याकडे कोन पाहीन?" कोणी पाहिलं नाही. पाहिलं ते माझ्याकडे. आमच्या कार्यालयात त्या वेळी मी एकटीच बाई होते. एका हळदीकुंकवाला मी जाऊन बसले आणि त्या बाजूच्या चार बायका बोलायच्या थांबल्या. मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. "म्हंजे मजा माही अन् बोलनी तुमाले. चालते ना मॅडम?"

चालत होतं. मला त्या सदराची थोडी लाजही वाटत होती, हे इथं नोंदवायला हवं. मी बातमीतून आलेली. कोण कोणासोबत जेवलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, हे छापणं मला कमी दर्जाचं वाटायचं. तुम्हाला ते कळत होतं. एकदा तुम्ही माझ्यासमोरचं पान एक उचललंत. त्यावर एका पुढाऱ्याचा आणि त्याच्या भावाचा वाद होता. "याले बातमी म्हनता. दोन गायकायचा वाद असला तं चुगली. काहून?"

मी म्हणाले, पुढाऱ्याच्या वादाचा लोकांशी संबंध असतो.

"अन् या पानावर आपल्या गावाचं नाव कवा येते? कोनी मेल्यावर, नाई तं कोनी मारल्यावर. माह्या सदरात हासताहासता येते."

तो वाद संपला नाही. तुमचं म्हणणं मी त्या दिवशी मान्य केलं नाही. आज करते.

तुमचे नियम मात्र मी पहिल्या वर्षातच मान्य केले होते. ते आमच्या बातमीदारांपेक्षा कडक होते. पहिला नियम मशीनचा. गायक माईक बंद करायला विसरतात, आणि विंगेत काय बोलतात ते हेडफोन लावलेल्या माणसाला स्वच्छ ऐकू येतं. तसं ऐकलेलं एक अक्षरही तुम्ही कधी लिहिलं नाही. "थे मले नाई सांगतलं, मशीनले सांगतलं," तुम्ही म्हणायचात. आमच्या एका वार्ताहरानं त्यातलं एक काढून घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा तुम्ही त्याला चहा पाजलात आणि पावसापाण्याचं विचारून रवाना केलंत.

दुसरा नियम खुणांचा. नाव छापायचं नाही, हे तर सगळेच गॉसिप लिहिणारे पाळतात. पण मोठ्या शहरात ‘एक गायिका’ म्हटलं की पन्नास गायिका उरतात. आपल्या जिल्ह्यात पाच उरतात, आणि पाचही जणी एकमेकींना ओळखतात. म्हणून तुम्ही प्रत्येक मजकुरात दोन खुणा ठेवायचात. पहिल्या खुणेनं माणूस ओळखू यायचा. दुसरी बाकीच्यांना बाजूला काढायची. पहिलीला तुम्ही नाव दिलं नव्हतं. दुसरीला ‘वाचवनारी’ म्हणायचात.

निवेदकाच्या केसांचा मजकूर मला अजून पाठ आहे. ‘आपल्या एका लाडक्या निवेदकाचे केस आजकाल नागपूरहून येतात. मिशी मात्र घरचीच आहे.’ जिल्ह्यात तेव्हा मोठे निवेदक तीन होते. दोघांना मिशी नव्हती. दुसरं वाक्य त्या दोघांसाठी होतं. तिसरा पेढे घेऊन कार्यालयात आला आणि माझ्यापुढं टोप काढून म्हणाला, "शेजारीणबाईले सांगा, मिशीचं लिहिलं थे बरं केलं."

आता त्या गुरुवारचं लिहिते.

तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा. तुम्ही वहीच्या कागदाचा फोटो फोनवर पाठवला. मजकूर असा होता: ‘वऱ्हाडी व्हिडिओंतला एक लाडका जावई सध्या ढाब्यावर एकटा जेवत नाही. परवा त्याच्या समोरच्या खुर्चीत ऑर्केस्ट्रातला एक गोड आवाज बसला होता. भाजी एकच मागवली होती, ताटही एकच. आवाज हायवेच्याच गावचा आहे, पुसदच्या बाजूला उगाच कान लावू नका.’

जावई कोण, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या नटाचे जावयाच्या भूमिकेतले व्हिडिओ घरोघर बघितले जात होते. त्याच्या ताज्या व्हिडिओत त्याची बायको झाली होती ललिता. ती पुसदकडची. ढाब्यावर जी होती ती हायवेवरच्या पांढरकवड्याची दुसरी गायिका. लोकांचा पहिला संशय ललितावर जाणार हे तुम्हाला दिसलं होतं, म्हणून शेवटचं वाक्य होतं.

पुरवणीचं पान गुरुवारी चार वाजता छपाईला सुटतं. साडेतीनला जाहिरात आली. सदरातून दोन ओळी कमी करायच्या होत्या. मी शेवटचं वाक्य काढलं. ते मला शेपटासारखं वाटलं. मजकूर ‘ताटही एकच’ वर जास्त चांगला संपत होता. ती वाचवणारी खूण आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मला नियम माहीत होता. त्या मिनिटाला मी वाक्य पाहिलं, खूण पाहिली नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तुमचा फोन आला. "मॅडम, खूण कुठे गेली?"

"जाहिरात आली, भाऊ. जागा नव्हती."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात.

ललिताची सगाई झालेली होती. मुलगा दिग्रसकडच्या तांड्यातला. लग्न होळीनंतर ठरलं होतं. रविवारी मुलाकडचे दोन जाणते लोक पुरवणीचं पान घेऊन तांड्यात आले. त्यांनी आवाज चढवला नाही. तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या ओसरीवर पान ठेवलं आणि म्हणाले, आमच्याकडे सगळे वाचतात. सोमवारी सगाई मोडल्याचा निरोप आला.

मंगळवारी तुम्ही तांड्यात गेलात. मला न सांगता. गेलात म्हणजे काय, तर इतकी वर्षं सांभाळलेलं टोपणनाव सोडून गेलात. नायकासमोर, ललिताच्या आईवडिलांसमोर आणि ललितासमोर तुम्ही सांगितलंत की शेजारीण मी आहे, लिहिलं मी, आणि ती बाई ललिता नव्हती, चूक माझी आहे. मला तुम्ही नंतर तीन शब्द सांगितलेत: "जाऊन आलो मॅडम."

मी विचारलं, ओळ मी काढली हे सांगितलंत का?

"खाली शेजारीण लिहिलं हाये. उपसंपादक नाई लिहिलं."

त्या खुलाशानं काही साधलं नाही. नायकानं तो मुलाकडच्यांना कळवला. ते म्हणाले, तोंडानं काय, कोणीही सांगेल. छापून आलेलं छापूनच खोडलं जाईल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तुम्ही दुरुस्ती मागायला कार्यालयात आलात. आवृत्तीप्रमुखांनी विचारलं, "नाव छापलंच नाही, तर दुरुस्ती कोणाची करायची? ‘ती ललिता नव्हती’ असं छापलं, तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही ललिता कळेल."

तुमच्याकडे उत्तर तयार होतं. "नाव नका टाकू. तोच मजकूर परत छापा, पुरा. शेवटच्या ओळीसकट. बाकी लोक समजून घेतीन."

हे उत्तर अचूक होतं. वाचवणारी खूण तिच्या जागी परत ठेवायची, एवढंच. आवृत्तीप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. पुरवणी माझी होती. मी म्हणाले, "मग पांढरकवड्याची ती गायिका उघडी पडेल. एकीला वाचवायला दुसरीला कशाला?"

वाक्य सभ्य होतं. ते मान्य झालं. पण पूर्ण मजकूर छापला असता, तर ओळ कोणी काढली होती हेही सगळ्यांना कळलं असतं, आणि मी ते वाक्य उच्चारलं तेव्हा माझ्या मनात हेच होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर जे झालं त्याचा अंदाज आपल्या दोघांनाही नव्हता. शेजारीण कोण हे उघड झाल्यावर तुमचे कार्यक्रम बंद पडतील असं मला वाटलं होतं. उलट झालं. ज्यांना आपलं नाव कुठं येऊ नये असं वाटत होतं, तेच मशीनजवळ येऊन जागा मागू लागले. "भाऊ, माहं बी लिहा ना कायतरी. थोडं वाईट लिहिलं तरी चालन." एका गायकानं तर स्वतःच्याच भांडणाचा दोन्ही बाजूंचा मजकूर लिहून आणला. तुम्ही त्याला विचारलंत, "अन् तुवी बायको काय म्हनते थे कुठे हाये?" सदर वाढलं. तुमची मशीन वर्षभर फिरत राहिली.

फक्त ललिता परत त्या मशीनवर उभी राहिली नाही. तिचा पहिला कार्यक्रम तुम्ही केला होता. माईक तोंडापासून चार बोटं धर, वरच्या सुराला सहा बोटं, हे तिला तुम्ही शिकवलं होतं. तिच्या आवाजाला वेगळी काही जुळणी लावावी लागत नाही, असं तुम्ही म्हणायचात. बटणं सरळ ठेवायची आणि हात मागं घ्यायचा. पाच हंगाम ती तुमच्यासोबत होती. नंतर आयोजकांना ती आधी विचारायची, साऊंड कोणाचा? बोरी अरबचा म्हटलं की नाही म्हणायची. तुम्ही याबद्दल तक्रार केली नाही. एका शुक्रवारी फक्त एवढं म्हणालात, "दारव्ह्याले गायली काल. मी मंडपाच्या मांगं उभा होतो. दुसऱ्याचा साऊंड होता, मंग काय करन. तरी मस्त गायली."

मागच्या वर्षी पांढरकवड्याच्या त्या गायिकेनं आणि जावयाच्या भूमिकेतल्या त्या नटानं लग्न केलं. रीतसर, पत्रिका छापून. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "आता तं छापता येते ना मॅडम?"

माझं कारण त्या लग्नात संपलं होतं. मी म्हणाले, "आता कोणाला आठवतं, भाऊ?"

"तिले आठवते," तुम्ही म्हणालात.

मी विषय बदलला. कापसाचं विचारलं. तुम्ही कापसाचं सांगितलंत.

रुग्णालयात मी रविवारी आले. भेटीची वेळ चार ते सहा. कुसुमकाकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तुम्ही उशीला टेकून बसला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आधीच ओळखून ठेवलं होतं. तो कोणत्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि तिथून का निघाला, हे मला हळू आवाजात सांगितलंत. दोन्ही खुणांसकट. मग मी म्हणाले, "भाऊ, त्या दोन ओळींचं."

"जागा नव्हती ना तवा?"

"होती. वर नटाचा फोटो होता. तो लहान करता आला असता."

तीन वर्षांत मी हे पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. तुम्ही मान हलवलीत, कोणी वेळ सांगितल्यावर हलवतात तशी.

"मले मालूम हाये. पान पाह्यलंतं ना मी. केवढा फोटो होता थो. मले कायले सांगता? तिले सांगा."

मी म्हणाले, तुम्ही बरे होऊन घरी या, आपण दोघं जाऊ.

"मी जाऊन आलतो," तुम्ही म्हणालात. "आता तुमी जा."

मी सोमवारी गेले नाही. सोमवारी दोन पानं लावायची होती. ती दुसऱ्या कोणी लावली असती. मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात.

गुरुवारी सकाळी सहाच्या एसटीनं मी पुसदला गेले. ललिता घरी होती. आता तिची स्वतःची पार्टी आहे, सहा वादक आहेत, दारात गाडी उभी होती आणि गाडीवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. तिची आई, त्यांच्या बोलीत याडी, अंगणात तूर पाखडत होती. ललितानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊचं आयकलं. वाईट झालं. पन माह्यासंग तुमचं काय काम?"

मी फोनवरचा तुमच्या वहीच्या कागदाचा फोटो तिच्यापुढं धरला. ती दोनदा वाचून थांबली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे त्यायनं लिहिलतं?"

"हो."

"पेपरात नोतं."

"मी काढलं."

"काहून?"

"जाहिरात आली होती."

"कायची?"

"फवारणी पंपाची."

ती हसली. मोठ्यानं, स्टेजवर हसते तसं. "आयकलं का वं याडी, माही सगाई फवारणी पंपानं मोडली!" मग हसू गेलं. "अन् हे तीन साल तुमच्या फोनातच होतं?"

"होतं."

"मंग भाऊनं काहून नाई सांगतलं? नायकाच्या वसरीवर उभे राहून म्हने, चूक माही. मी त्यायच्या तोंडावर म्हनली, तुमच्या मशीनवर आता मेली तरी उभी राहनार नाई. आयकून घेतलं. हात जोडले अन् गेले." ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. "तीन साल मी भलत्याच मानसावर राग धरून राह्यली. सांगा मले, आता थे कोनाले वापस करू?"

आईनं सूप खाली ठेवून तिला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. ललिता माझ्याकडे वळली. "याडी विचारते, हे आंधी सांगाले काय झालतं?"

मी सांगितलं, चूक माझी आहे हे छापून येईल, ही भीती वाटत होती.

"आमचं छापता तवा तं हात कापत नाई तुमचा."

मी विचारलं, आता दुरुस्ती छापली तर चालेल का? तुझं नाव न टाकता छापता येईल.

"काहून न टाकता? तीन साल बिनानावाची बोलनी खाल्ली मी. आता नाव टाका, मोठं टाका." मग ती खुर्चीवर बसली आणि सावकाश बोलली. "लोक म्हनतेत, मोडलं थे बरंच झालं, आता सोताची पार्टी हाये, गाडी हाये. बरं झालं का वाईट झालं, थे मी पाहीन. तुमी त्यात पडू नका. खोटं होतं थे खोटं होतं, एवढं लिहा. त्याच पानावर. त्याच जागेवर. अन् तुमचं नाव बी पायजे."

"भाऊंचं?"

"भाऊचं सगळ्यात आंधी. त्यायनं लिहिलतं म्हनून."

परतीच्या वाटेवर मी पांढरकवड्याच्या त्या गायिकेला फोन केला. मजकूर वाचून दाखवला आणि तो छापायला हरकत आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, "छापा ना. तवा भाजी त्यायनं मागवलती, आता रोज मलेच करा लागते. हेबी टाका वाटलं तं." ते टाकलं नाही.

तीन वाजता मी कार्यालयात पोचले. आवृत्तीप्रमुखांनी दुरुस्ती वाचली. माझ्या नावावर पेन ठेवून म्हणाले, "याची गरज आहे?" मी हो म्हणाले. दुरुस्ती अकरा ओळींची झाली. ती अशी:

‘तीन वर्षांपूर्वी या सदरात वामनभाऊंनी लिहिलेल्या एका मजकुराची शेवटची ओळ छापली गेली नाही. ती अशी होती: आवाज हायवेच्याच गावचा आहे, पुसदच्या बाजूला उगाच कान लावू नका. ही ओळ वामनभाऊंनी लिहिली होती. ती पुरवणीच्या उपसंपादकांनी, म्हणजे मी, काढली. ती ठेवता आली असती. त्या मजकुरातली गायिका ललिता नव्हती. मूळ मजकुरात चूक नव्हती.’ खाली माझं पूर्ण नाव.

वामनभाऊ, तुमच्याकडून शिकले ते वाक्य कापण्याबद्दल नाही. ते मला येत होतं. कोणतं वाक्य कोणासाठी उभं आहे, हे आधी विचारायचं, एवढं शिकले. तुम्ही हे मला पहिल्याच वर्षी, मिशीच्या उदाहरणानं, सांगितलं होतं. मी तेव्हा हसले होते. सदर सुरू राहील. मशीनचा नियम आणि दोन खुणांचा नियम पुरवणीच्या प्रत्येक उपसंपादकाला लेखी दिला आहे. तुमच्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे आवाज आणि थट्टा, लेखी देता येत नाहीत.

पुढची माहिती तपासून घेतलेली आहे. शुक्रवारी पुसदच्या बसस्थानकावरच्या विक्रेत्याकडे आमचे चाळीस अंक होते. साडेआठपर्यंत ते संपले. त्यातले एकतीस ललितानं घेतले, असं विक्रेत्यानं सांगितलं. तांड्यात घरोघर अंक गेला, याला नायकांनी फोनवर दुजोरा दिला. एक अंक दिग्रसकडच्या त्या घरी पोचला. तो ललिताच्या आईनं स्वतः नेऊन दिला. तिथं तिला चहा विचारला गेला. तिनं तो घेतला नाही.

शनिवारी सकाळी अकरा वाजता ललिता बोरी अरबला तुमच्या घरी आली. कुसुमकाकूंशी तिचं काय बोलणं झालं, ते कळलेलं नाही. तिनं घरून डबा आणला होता. दीड वाजता दोघी जेवल्या.